धावपट्टीला जात नसते म्हणे!



यंदा २६ जानेवारीला मनीषनगरात आमच्या लेआउटच्या मोकळ्या मैदानावर झेंडावंदन झालं आणि त्यानंतर धावण्याच्या शर्यती झाल्या. चुन्याने ओढलेल्या रेषा, एक शिट्टी, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसलेले फ्लॅट स्कीमवाले. मुलींच्या खुल्या गटात सात-आठ जणी होत्या. त्यातल्या एकीने पायातली स्लीपर काढून रेषेमागे ठेवली, ओढणी कमरेला बांधली आणि शिट्टी वाजताच अशी सुटली की बाकीच्या मुली वेगळ्याच शर्यतीत धावताहेत असं वाटावं. दुसऱ्या नंबरची मुलगी शेवटच्या रेषेवर पोचली तेव्हा ही वळून स्लीपर आणायला निघालीसुद्धा होती.

नावं लिहून घेणाऱ्या गृहस्थांनी विचारलं, "कोणत्या स्कीमची तू? फ्लॅट नंबर सांग."

"पार्किंगमध्येच राहतो न आम्ही. बाबा वॉचमन आहेत माहे."

दोन-तीन जण बाजूला जाऊन कुजबुजले. परत येऊन गोड आवाजात म्हणाले, की बेटा, स्पर्धा रहिवाशांसाठी आहे. पहिलं बक्षीस दुसऱ्या नंबरला गेलं. हिला एक पेन मिळाला. जी मुलगी सहा वर्षांपासून त्याच इमारतीत झोपते, तिथलंच पाणी भरते, तिथल्याच जिन्यावर बसून बारावीचा अभ्यास करते, ती रहिवासी नाही. ज्याचा फ्लॅट वर्षभर कुलपात असतो आणि जो दिवाळीला पुण्याहून येऊन जाळी झाडतो, तो रहिवासी आहे.

पाचच मिनिटांनी प्रमुख पाहुण्यांनी माइक हातात घेतला आणि म्हणाले, "खेळात भेदभाव नसतो. धावपट्टीला जात नसते." टाळ्या पडल्या. माझेही हात सवयीने उचलले गेले होते. मी तिथे उठून एक शब्द बोलले नाही. संध्याकाळी बोलले, कमिटीच्या दोघांशी, तेही हळू आवाजात. हे आधीच कबूल करते, नाहीतर पुढचं लिहिण्याचा मला अधिकार राहणार नाही. मुलीचं नाव लिहीत नाही. तिला अजून त्याच पार्किंगमध्ये राहायचं आहे.

तर ते वाक्य. धावपट्टीला जात नसते. आपली पोरंसुद्धा हे वाक्य स्टेटसला ठेवतात. घड्याळाला जात नसते, हे मला मान्य आहे. पिस्तूल वाजल्यापासून फीत तुटेपर्यंत जे दहा-बारा सेकंद असतात, त्यात कोणी कोणाला मागे खेचू शकत नाही, हेही मान्य. पण माणूस दहा सेकंदांचं आयुष्य जगत नाही. रेषेवर कोणाला उभं राहू द्यायचं हे त्याआधी ठरलेलं असतं, आणि कोणाचं नाव वहीत राहील हे त्यानंतर ठरतं. जात, वंश, वर्ग यांचं सगळं काम या दोन ठिकाणी चालतं. हे मी समाजशास्त्राच्या पुस्तकातून सांगत नाही. एका माणसाची गोष्ट सांगते, म्हणजे पटेल.

त्याचं नाव हॅरी एडवर्ड. जन्म १८९८.    हॅरी हा काळा मुलगा, पण वाढला जर्मनीत, बर्लिनमध्ये. तिथेच धावायला लागला. १९१४ साली महायुद्ध पेटलं आणि जर्मनीने त्याला शत्रूचा नागरिक म्हणून पकडलं. कारण? तो ब्रिटिश प्रजाजन. बर्लिनजवळ रूलेबेन नावाचा घोड्यांच्या शर्यतीचा तळ होता. तिथल्या तबेल्यांमध्ये हजारो ब्रिटिश नागरिकांना कोंडून ठेवलं होतं. ऐन धावायच्या वयातली वर्षं या पोराने घोड्यांच्या शर्यतीच्या तळावर कैदेत काढली.

सुटल्यावर तो इंग्लंडला आला. भाषा शिकवून पोट भरायचा आणि लंडनच्या पॉलिटेक्निक हॅरियर्स या क्लबकडून धावायचा. १९२० मध्ये त्याने इंग्लंडच्या राष्ट्रीय स्पर्धेत १०० यार्ड आणि २२० यार्ड या दोन्ही शर्यती मारल्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बेल्जियममधल्या अँटवर्पला ऑलिम्पिक झालं. तिथे १०० मीटरमध्ये कांस्य आणि २०० मीटरमध्ये पुन्हा कांस्य. ब्रिटनच्या बनियनवर ऑलिम्पिक पदक मिळवणारा हा पहिला काळा माणूस. १९२१ ला पुन्हा दोन्ही राष्ट्रीय अजिंक्यपदं. १९२२ ला तर कमाल झाली. स्टॅमफर्ड ब्रिजच्या मैदानावर एकाच दुपारी, जेमतेम तासाभराच्या अंतराने, त्याने १००, २२० आणि ४४० यार्ड या तिन्ही शर्यती जिंकल्या. ज्यांनी पोलीस भरतीत एकाच सकाळी १६०० आणि १०० मीटर मारलेत त्यांना विचारा, पाय कसे थरथरतात. इथे तर तीन शर्यती राष्ट्रीय दर्जाच्या, आणि तिन्हींत पहिला.

इथे थोडं थांबा, कारण मला एक तारीख जुळवायची आहे. १९२० च्या जुलैमध्ये बाबासाहेब मुंबईहून बोटीने लंडनला निघाले आणि १९२३ पर्यंत तिथे होते. स्टॅमफर्ड ब्रिजवर हॅरी एडवर्ड सगळ्या इंग्लंडला मागे टाकत होता, त्याच वर्षांत त्याच शहरात बाबासाहेब ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात उपाशीपोटी वाचत होते. दोघांची भेट झाली असं मी म्हणत नाही. कृपा करून हे वाचून कोणी तसा फॉरवर्ड बनवू नका, आपल्याकडे ती वाईट खोड आहे. मला एवढंच दिसतं की एकाच साम्राज्याच्या दोन तळातल्या समाजांतून आलेली दोन माणसं एकाच शहरात आपापल्या क्षेत्रात सगळ्यांच्या पुढे होती.

पुढे हॅरी अमेरिकेला गेला. आणि तिथे त्याचं काय झालं? त्याच्या आत्मचरित्राच्या नावातच ते आहे. स्वातंत्र्यदेवीचा पुतळा ओलांडून न्यूयॉर्कच्या बंदरात शिरलो आणि मी काळा झालो, असा त्या नावाचा अर्थ आहे. म्हणजे बघा. जर्मनीत तो ब्रिटिश ठरला म्हणून तबेल्यात गेला. इंग्लंडमध्ये ब्रिटिश ठरला म्हणून टाळ्या मिळाल्या. अमेरिकेत उतरला तर फक्त काळा. पाय तेच होते, छाती तीच होती. बदलत होती ती त्याच्याकडे बघणाऱ्यांची वही.

आता हेच उलटं करून वाचा. बाबासाहेब १९१३ ला न्यूयॉर्कला गेले, कोलंबिया विद्यापीठात शिकले, मग लंडनला गेले. परदेशातल्या त्या वर्षांत आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसून गेली होती, असं त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. १९१७ ला बडोद्याच्या स्टेशनवर उतरले आणि पहिला प्रश्न उभा राहिला, राहायचं कुठे? पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहावं लागलं आणि तिथूनही काठ्या घेऊन आलेल्यांनी बाहेर काढलं. एक माणूस न्यूयॉर्कच्या बंदरात उतरून काळा होतो. दुसरा बडोद्याच्या फलाटावर उतरून महार होतो. दोघांच्याही हातात कर्तृत्वाचे कागद होते. कागद कोणी वाचले? याच बाबासाहेबांनी १९४६ ला अमेरिकेतले काळे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहिलं होतं आणि निग्रो आणि अस्पृश्य यांच्या स्थितीतलं साम्य दाखवलं होतं. दलित पँथर हे नाव १९७२ ला कुठून आलं ते तुम्हाला सांगायची गरज नाही. तेव्हा "इंग्लंडच्या धावपटूशी आपलं काय देणंघेणं" असा प्रश्न निदान आपल्या लोकांनी विचारू नये.

हॅरीची अमेरिकेतली गोष्ट रडकथा नाही. १९३० च्या मंदीत सरकारी मदतीवर हार्लेममध्ये काळ्या कलावंतांचा जो रंगभूमी प्रकल्प चालला, त्याच्या कारभारात तो होता. दुसऱ्या महायुद्धानंतर संयुक्त राष्ट्रांच्या मदतकार्यात ग्रीसमध्ये उद्ध्वस्त लोकांसाठी राबला. म्हणजे धावणं संपल्यावर हा माणूस आपल्यासारखंच समाजकार्य करत होता. १९७३ ला गेला. पण त्याने लिहिलेलं आत्मचरित्र त्याच्या हयातीत छापलं गेलं नाही. हस्तलिखित अमेरिकेतल्या एका संग्रहात पडून राहिलं आणि पुस्तक निघालं ते २०२४ ला. मेल्यानंतर एकावन्न वर्षांनी.

आता याच्याशेजारी दुसरं नाव ठेवते. नॉर्मन प्रिचर्ड. गोरा इंग्रज, जन्म १८७५, कलकत्ता. १९०० च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये त्याने २०० मीटर आणि २०० मीटर अडथळा शर्यतीत दोन रौप्यपदकं घेतली. पुढे हॉलिवूडच्या मूकपटांत नट झाला. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समिती ती पदकं भारताच्या नावावर मांडते, आणि ब्रिटनचे इतिहासकार म्हणतात, छे, तो आमचा. शंभर वर्षं झाली, दोन देश एका गोऱ्या माणसाच्या दोन पदकांसाठी भांडतात. आपल्या स्पर्धा परीक्षेच्या गाईडमध्येही तो प्रश्न असतो, "ऑलिम्पिक पदक मिळवणारा पहिला भारतीय कोण?" हॅरीची पदकंही दोनच होती, आणि त्यांच्यासाठी भांडायला कोणी नव्हतं. हे घड्याळाने ठरवलं का?

बरं, इंग्लंडच्या त्या धावपट्टीवर तरी कोणीही उभं राहू शकत होतं का? १८६६ साली लंडनच्या सभ्य गृहस्थांनी हौशी ॲथलेटिक्सचा क्लब काढला आणि हौशी म्हणजे कोण याची व्याख्या केली. त्या व्याख्येत कारागीर, यांत्रिक काम करणारा आणि मजूर बसत नव्हता. हाताने काम करतो, म्हणून तो हौशी नाही. पैसे घेऊन धावला का, हा प्रश्न वेगळा. एक पैसा न घेता धावला तरी चालणार नाही, कारण तो घण मारतो, विटा उचलतो. १८८० ला नवी राष्ट्रीय संघटना झाली तेव्हा हे कलम गळलं. वल्हवण्याच्या खेळात तर ते विसाव्या शतकातही चालू राहिलं. हाताने काम करणारा हलका आणि त्याच्या शेजारी उभं राहणं कमीपणाचं, हा विचार आपल्याला नवा आहे का? मनूने हेच लिहिलं, इंग्रजांनी क्लबच्या नियमावलीत लिहिलं. मनीषनगरात ते "रहिवासी" या शब्दात लिहिलं जातं. युक्ती एकच असते, व्याख्या करायची. मग जात विचारावी लागत नाही, फ्लॅट नंबर विचारला की भागतं.

आता आपल्या मराठी मुलुखात या.

हॅरी ज्या अँटवर्पमध्ये धावला, त्याच ऑलिम्पिकला भारताचा पहिला संघ गेला होता. त्याची सुरुवात पुण्यातली. १९०६ ला निघालेल्या डेक्कन जिमखान्याच्या क्रीडास्पर्धा होत्या आणि सर दोराबजी टाटा तिथे अध्यक्ष म्हणून आले होते. त्यांनी पाहिलं की शेतकऱ्यांची पोरं अनवाणी धावताहेत, ना बूट ना शिकवणारा, आणि तरी त्यांची वेळ युरोपातल्या धावपटूंच्या जवळपास जाते. म्हणून त्यांनी ऑलिम्पिकचा ध्यास घेतला, मुंबईच्या गव्हर्नरला गाठलं, स्वतःचे पैसे घातले. टाटांना याचं श्रेय दिलंच पाहिजे. पण त्याच वेळचा एक किस्साही नोंदलेला आहे. संघ निवडायच्या बैठकीत विचारणा झाली, की ऑलिम्पिकमध्ये १०० मीटरला किती वेळाची पात्रता धरतात? जिमखान्याच्या एका जाणत्या सभासदाने उत्तर दिलं, एक-दोन मिनिटं असेल. तिथे मिनिटं नाही, सेकंद आणि सेकंदाचे भाग मोजतात हे कळल्यावर त्यांना मोठा धक्का बसला.

मी हे वाचून पोट धरून हसले होते. नंतर हसू गेलं. शंभर मीटर धावायला दोन मिनिटं लागतात असं ज्याला वाटतं, तो निवड करणार. आणि जो अनवाणी पायाने ते काही सेकंदांत कापतो, तो हात बांधून उभा. "मेरिट"वर व्याख्यान देणाऱ्यांना हा किस्सा ऐकवा. आरक्षणाने गुणवत्ता मरते म्हणणाऱ्यांना विचारा, त्या बैठकीत बसणाऱ्यांची पात्रता परीक्षा कोणी घेतली होती?

संघात चार धावपटू आणि दोन मल्ल होते. पूर्मा बॅनर्जी १०० आणि ४०० मीटर धावला, दोन्हींत पहिल्या फेरीतच बाद झाला. ध्वज त्याच्याच हातात होता. मल्ल होते कुमार नवले आणि रणधीर शिंदे, त्यातला शिंदे पदकाच्या उंबरठ्यावरून, चौथ्या क्रमांकावरून परत आला. आणि बेळगावचा फडेप्पा दारेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये धावला. अँटवर्पची मॅरेथॉन ४२ किलोमीटर ७५० मीटरची होती, ऑलिम्पिकच्या इतिहासातली सगळ्यात लांब. चौगुल्यांनी ती २ तास ५० मिनिटं ४५ सेकंदांत पूर्ण केली आणि एकोणिसावे आले. म्हणजे साधारण चार मिनिटांना एक किलोमीटर, आणि तसे जवळपास त्रेचाळीस. आज हजारोंचे बूट आणि हातात जीपीएसचं घड्याळ घालून फुटाळ्याला पळणाऱ्यांनी एक किलोमीटर चार मिनिटांत काढून दाखवावा. बेळगावच्या सीमाप्रश्नावर आपण एवढे पेटून उठतो, पण चौगुल्यांचं नाव नागपुरात किती जणांनी ऐकलंय?

तिसऱ्या धावपटूचं सदाशिव दातार हे नाव तरी धड आहे. उरलेल्या एकाचं नाव बहुतेक याद्यांत नुसतं "कैकाडी" एवढंच येतं. आडनावावरून जात ओळखण्याचा धंदा मी करत नाही, तो दुसऱ्यांचा आहे, म्हणून या धावपटूच्या जातीबद्दल मी काही बोलणार नाही. पण हा शब्द आपल्या राज्यात काय आहे ते माहीत असू द्या. कैकाडी म्हणजे टोपल्या विणणारी, गाढवं घेऊन गावोगाव फिरणारी जमात. इंग्रजांनी तिला गुन्हेगार जमातींच्या कायद्याखाली टाकलं होतं. लक्ष्मण मान्यांचं 'उपरा' याच समाजातलं. आजही विदर्भातला कैकाडी अनुसूचित जातीत आणि पश्चिम महाराष्ट्रातला कैकाडी विमुक्त जातीत, म्हणजे एकाच समाजाची दोन भावंडं वर्धा आणि सातारा असा पत्ता बदलला की वेगळ्या प्रवर्गात. ज्या देशात हा शब्द पोलिसांच्या हजेरीवहीत होता, त्याच देशाच्या पहिल्या ऑलिम्पिक संघाच्या यादीत तो शब्द आहे. आणि क्रीडा इतिहासावर जाडजूड पुस्तकं लिहिणाऱ्यांना या माणसाचं पूर्ण नावगाव ठळकपणे लोकांसमोर मांडावंसं वाटलं नाही. हे शेवटच्या रेषेनंतरचं राजकारण आहे.

१९२० हे वर्ष काय होतं ते तुम्हाला पाठ आहे. ३१ जानेवारीला 'मूकनायक'. २१ आणि २२ मार्चला माणगाव परिषद. ३० मे ते १ जून आपल्या याच नागपुरात, राजर्षी शाहू महाराजांच्या अध्यक्षतेखाली, अखिल भारतीय बहिष्कृत समाज परिषद. आपण ते वर्ष मुक्यांनी बोलायला लागल्याचं वर्ष म्हणून साजरं करतो. त्याच वर्षी अनवाण्यांनी जगाच्या धावपट्टीवर पाऊल ठेवलं, हे त्या यादीत का नसावं?

त्याच १९२० मध्ये क्रिकेटमध्येही एक गोष्ट घडली. पळवणकर बाळू, चांभार समाजातला डावखुरा गोलंदाज. पुण्यात महिन्याला तीन-चार रुपयांवर खेळपट्टीची निगा राखत आणि गोऱ्या साहेबांना गोलंदाजी करत तयार झालेला. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने ११४ बळी घेतले. पुण्यात त्याच्या हातचा चेंडू हिंदूंना चालायचा, चहा मात्र मंडपाबाहेर वेगळ्या मातीच्या भांड्यात. कर्णधारपद त्याला कधीच दिलं नाही. १९२० ला याच वादावर त्याच्या भावांनी, विठ्ठल आणि शिवरामने, खेळायला नकार दिला. १९२३ ला विठ्ठल हिंदू संघाचा कर्णधार झाला. पदरात पडलं ते बहिष्काराने पडलं, विकेटींनी नाही. बाळू पुढे काँग्रेसकडे गेला, १९३७ च्या निवडणुकीत बाबासाहेबांविरुद्ध उभा राहिला आणि हरला. ते आपल्याला बोचतं, बोचायलाच हवं. पण म्हणून त्याचं क्रिकेट आपण इतरांना वाटून टाकायचं का? बाबासाहेबांनी स्वतः तरुणपणी त्याच्या सत्कारात भाग घेतला होता.

आता आपल्या घरात येते, कारण लेखाचा कडू भाग हाच आहे.

त्या २६ जानेवारीला खुर्च्यांवर बसलेल्यांत आपली माणसं होती. इंदोऱ्यातून, वस्त्यांमधून शिकून वर आलेली, बँकेत, रेल्वेत, मंत्रालयाच्या कुठल्या कुठल्या विभागात लागलेली, आणि मनीषनगर, बेसा, बेलतरोडीकडे फ्लॅट घेतलेली. हॉलमध्ये तथागतांची मूर्ती, दारावर निळ्या रंगाची पाटी. १४ एप्रिलला हजाराची पावती फाडतात. १४ ऑक्टोबरला दीक्षाभूमीवर पाणी वाटतात. ती पोरगी आपल्याच समाजाची, बाप भंडारा जिल्ह्यातून पोट भरायला आलेला. हे त्यांना माहीत होतं. मलाही माहीत होतं. कोणीही उठलं नाही. कारण उठलं की मेंटेनन्सच्या मीटिंगमध्ये लोक वेगळ्या नजरेने बघतील. शिकलेल्या माणसांनी धोका दिला हे बाबासाहेबांचं दुःख आपण दर भाषणात सांगतो आणि ते दुसऱ्याच कोणाबद्दल होतं असं समजून खाली बसतो.

दुसरी गोष्ट. "शिका" याचा अर्थ आपण अभ्यासिका एवढाच केला. अभ्यासिका हव्याच, मी स्वतः एक चालवते. पण पोलीस भरतीला जाणाऱ्या किती पोरी आपल्या आहेत ते बघा. मुलींना ८०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक, मिळून ५० गुण. त्यात निम्मे मिळाले नाहीत तर लेखीला बसताच येत नाही. गाईडमधले सगळे प्रश्न पाठ असलेली पोरगी ८०० मीटरला पोट धरून बसते, कारण तिने कधी मोजलेल्या अंतरावर धावलेलंच नसतं. सिंथेटिक ट्रॅक आहे तो मानकापूरला, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. पहाटे पाचला तिथे पोचायचं तर घरात गाडी हवी, नाहीतर ऑटोचे पैसे. मग ती बेसा रोडवर टिप्परच्या बाजूने, सिमेंटच्या रस्त्यावर धावते आणि सहा महिन्यांत नडगी धरते. शासकीय नोकरीत खेळाडूंना ५ टक्के समांतर आरक्षण आहे. पण त्याला मान्यताप्राप्त स्पर्धेचं प्रमाणपत्र लागतं. प्रमाणपत्राला संघटना लागते, संघटनेला क्लब, क्लबला फी. आणि आमच्या लेआउटच्या शर्यतीत तर फ्लॅट नंबरच लागतो.

काही डावे मित्र म्हणतील, ताई, हा जातीचा नाही, वर्गाचा प्रश्न आहे, वॉचमन ब्राह्मण असता तरी हेच झालं असतं. असेल. मला दाखवा मनीषनगरातल्या किती पार्किंगमध्ये ब्राह्मण वॉचमन सहकुटुंब राहतो. मोजून या, मग बोलू. आणि काही आपलेच म्हणतील, एका पेनावरून एवढं रामायण कशाला. माझी तक्रार बक्षिसाची नाही. त्या मुलीचीही नव्हती. संध्याकाळी मी तिच्याकडे गेले तेव्हा ती जिन्याखाली बसून भाजी निवडत होती. म्हणाली, "ताई, बक्षीस नाही पाहिजे होतं मले. पण त्यायनं टाइम तरी मोजाले पाहिजे होता न. मले समजलंच नाही मी किती सेकंदांत आली."

मोजलं नव्हतं. तिच्या शर्यतीला कोणाच्याच हातात घड्याळ नव्हतं.

त्या मैदानाला आता कमिटीने फाटक बसवलंय आणि "बाहेरच्यांना प्रवेश नाही" असा फलक लावलाय. ती जागा लेआउटच्या नकाशात सार्वजनिक वापराची म्हणून सोडलेली आहे. त्या नकाशाच्या प्रतीसाठी आणि फलक कोणत्या परवानगीने लागला हे विचारण्यासाठी मी माहिती अधिकाराचा अर्ज टाकला आहे. ज्यांच्या लेआउटमध्ये असं फाटक असेल त्यांनीही टाकावा, नमुना मी पाठवते. उत्तर आलं की इथेच लिहीन.

तोवर दर रविवारी पहाटे साडेपाचला आम्ही फाटकाबाहेरच्या आतल्या रस्त्यावर धावतो. १०० मीटर मोजून, चुना टाकून रेषा ओढल्या आहेत. ८०० मीटरचा वळसाही आखलाय, त्यात दोन गतिरोधक येतात, इलाज नाही. सध्या सात मुली आणि चार मुलं आहेत. प्रत्येकाची वेळ एका दोनशे पानी वहीत लिहितो, पूर्ण नावासकट, गावासकट, तारखेसकट. मोबाईलच्या घड्याळाने बोट चुकतं, त्यामुळे कोणाकडे चांगलं स्टॉपवॉच पडून असेल तर घेऊन यावं. आणि छत्तीस नंबरचे धावायचे बूट, जुने असले तरी चालतील.